तवंगाचा मान

सुभद्राच्या खाणावळीत रस्सा वाढायची एक रीत होती. पातेलं उतरलं की ती डाव आडवा धरायची आणि वरचा लालभडक तवंग हलक्या हातानं एका वाटीत काढून घ्यायची. ती वाटी कोणाच्या ताटात जाणार, ते पंगत बसल्यावरच कळायचं. बदलीवरचा कुणी मिलमध्ये परमनंट झाला, कुणाला गावी मुलगा झाला, कुणी तापातून उठून पहिल्यांदा पाटावर आला, तर त्याला तवंगाचा मान. बाकीच्यांनी बघायचं आणि टोमणे मारायचे.

"वयनी, गावाला माझी म्हैस व्यालीय. चालेल का?" आनंदा विचारायचा. हे तिचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत तोंडाळ गिऱ्हाईक.

"म्हशीक धाड हयसर. तिका वाढतंय," सुभद्रा म्हणायची.

तिच्या नवऱ्याला, गंगाधरला, हा मान कधीच मिळाला नव्हता. घरचा माणूस पंगत उठल्यावर जेवतो, आणि तोवर पातेल्यात उरायच्या दोन बटाट्याच्या फोडी आणि मसाल्याचा गाळ. मिलच्या साचाखात्यातून, मागांवरून, तो यायचा तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. ताटाकडे बघून म्हणायचा, "बाकीचे सगळे वरचे. मी तळाचो धनी." मग तळाचं ते दोघं एकाच ताटात जेवायचे. सुभद्राला ते आवडायचं. वरचं सगळं लोकांचं, तळाचं मात्र तिचं.

मालवणच्या बाजूची ही मुलगी लग्न होऊन लालबागेतल्या चाळीत आली, ती थेट सासूच्या हाताखाली. सासू गेल्यावर खाणावळ हिच्याकडे आली. एक खोली, बाहेरची गॅलरी आणि पाळीपाळीनं जेवून जाणारे गिरणीतले पुरुष. सुभद्रा स्वभावानं वाईट नव्हती, पण अन्नाच्या बाबतीत तिच्या मनात कायम एक निखारा असायचा. तिच्याकडे जेवून कुणी दुसऱ्या खाणावळीचं कौतुक केलं, तर त्या माणसाच्या आमटीत पुढचे दोन दिवस मीठ जरा पुढेच असायचं. मुद्दाम घालत नव्हती म्हणे. हातून व्हायचं.

मासळी शिवडीच्या कोळीवाड्यातून यायची. तुळसा आणायची. डोक्यावर पाटी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, आणि जिना चढतानाच सुरू झालेला आवाज.

"सुभद्रे, बांगडा बघ गो. अजून पाण्यात हाय असा वाटतो."

"पाण्यात आसा तर थयच ठेव. माका मेलेलो होयो."

अशी त्यांची घासाघीस चालायची. मग तुळसा उंबऱ्यावर टेकून चहा प्यायची. तिचा नवरा हरेश्वर दारूनं गेला होता. ती त्याबद्दल बोलायची नाही आणि सुभद्रा विचारायची नाही. मैत्री नव्हती, पण एक दिवस तुळसा आली नाही तर सुभद्रा गॅलरीतून दोनदा खाली डोकावायची.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही दिवस पंगत जोरात होती. सगळे दिवसभर घरी, सगळ्यांना भूक, सगळ्यांना गप्पा. मग एकेक जण गावाला गेला. भात लावून येतो म्हणाले, ते आले नाहीत. पाटांची रास भिंतीला टेकून राहिली. शेवटी उरला आनंदा, कारण त्याला गावी शेत नव्हतं आणि, तो म्हणायचा, म्हैसही नव्हती.

गंगाधरचे हात रिकामे झाले. साच्यावर तुटलेला धागा नजर पडायच्या आत जोडणारा माणूस गॅलरीच्या कठड्यावर बोटं वाजवत बसायचा. आधी मिलच्या गेटवर जायचा, मग गेटजवळच्या गुत्त्यावर. एकदा गेला, मग रोज संध्याकाळी.

सुभद्रानं भांडून पाहिलं. रडून पाहिलं. शेवटी शेजारच्या कालिंदीनं तिला एक गोष्ट सांगितली, नळावर, हंडा भरता भरता.

"पिणं थांबत नाही ना? मग निदान पोटाला अस्तर दे."

"म्हणजे?"

"तेल, तूप, काहीतरी स्निग्ध. आधी पोटात गेलं ना, की दारू आत मुरत नाही. वरच्यावर निघून जाते. माझे मामा बोटीवर होते. वाटीभर तूप प्यायचे आणि मग बसायचे. ऐंशी वर्षं जगले."

सुभद्राला ते पटलं. अन्नानं होणारी गोष्ट होती, म्हणजे तिच्या हातातली. त्या संध्याकाळी तिनं रस्सा केला, तवंग वाटीत काढला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती वाटी गंगाधरपुढे ठेवली.

तो बघत राहिला. "माका? कशाक?"

"खावा. भाकरी बुडवून खावा."

"काय झाला? परमनंट झालंय काय मी?"

आनंदा शेजारच्या पाटावर होता. म्हणाला, "दादा, आज तुमची म्हैस व्यालेली दिसते."

गंगाधरनं वाटी पुसून खाल्ली आणि मिशीवरून हात फिरवत खाली उतरला. सुभद्रा गॅलरीतून बघत होती. चिलखत घालून माणूस लढाईला पाठवावा, तसं तिला वाटलं. पुढे तो नेमच झाला. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल, गावाहून आलेलं तूप, जे असेल ते त्या वाटीत. आनंदाला कोरडी आमटी, गंगाधरला तवंग. आपण नवऱ्याला राखतोय, या समाधानात तिनं वर्ष काढलं, आणि त्यापुढचंही बरंचसं.

संप कधी संपला ते कुणालाच नीट कळलं नाही. काही मिल सुरू झाल्या, काहीजणांना परत घेतलं. गंगाधरला घेतलं नाही. तोवर त्याचे दंड वाळले होते आणि पोट पुढे आलं होतं. जेवलेलं ठरेना. वाटी तोंडाला लावली की मळमळायचं, मोरीत जाऊन ओकायचा. सुभद्राला वाटलं, अस्तर कमी पडतंय. तिनं तेल वाढवलं.

मग एक दिवस दुपारी त्यानं ताटच सरकवलं.

"नको माका. जेवलंय."

सुभद्राचा डाव हवेत राहिला. "खंय?"

"शिवडीक."

"कोणाकडे?"

"तुळसाकडे," तो म्हणाला. पाणी प्यायलो म्हणावं, इतक्या सहज. आणि आडवा झाला. सुभद्रा मोरीकडे कान लावून बसली. तो ओकला नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. नाहीच ओकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आनंदा ताटावर बसता बसता म्हणाला, "आज पण दादांचा खाडा?"

खाडा हा खाणावळीचा शब्द. गिऱ्हाईक जेवायला आलं नाही की त्याचा खाडा धरायचा. नवऱ्याचा खाडा धरायची वेळ कुठल्या खाणावळवालीवर आली असेल? सुभद्रानं आनंदाच्या ताटात भाकरी अशी टाकली की ती ताटाबाहेर गेली.

कालिंदीला हे कळायला वेळ लागला नाही. "काय गं, मी ऐकलं ते खरं? त्या कोळणीकडे?"

"जेवाक जातत."

"जेवायलाच ना?"

"कालिंदी, बाई म्हणून गेले आसते तर मी चार शिव्या घातल्या आसतंय, चुलीत हात घालून गप रवलं आसतंय. पण जेवतत तिच्याकडे. आणि ता पोटात ऱ्हवता."

कालिंदीला त्यातलं काय समजलं कोण जाणे. ती म्हणाली, "पुरुषाच्या पोटातूनच रस्ता जातो बाई," आणि हंडा उचलून गेली. सुभद्राला वाटलं, हिला नळाखाली धरावं.

त्या दिवसापासून तिनं तुळसाचा मासा घेणं बंद केलं. तुळसा दारात यायची.

"सुभद्रे, कोलंबी हाय."

"नको."

"कनाला रागावलीस गो बाय?"

"घरात कोण जेवणारा नाय. मासे घेवन काय करू?"

तुळसा पाटी डोक्यावर घ्यायची आणि बांगड्या वाजवत खाली उतरायची.

गंगाधर झोपला की सुभद्रा त्याचा सदरा उचलून हुंगायची. अत्तराचा, फुलांचा वास तिला नको होता. तिला मसाल्याचा वास हवा होता. काय करते ही? आंबोशी घालून बोंबील? नारळाच्या दाट रसातलं तिसऱ्यांचं कालवण? सदऱ्याला खाडीच्या चिखलाचा आणि ओल्या सुताचा वास यायचा, मसाल्याचा अजिबात नाही. म्हणजे कोळीण इतकी हुशार की वाससुद्धा मागे ठेवत नाही. सुभद्रानं नारळ फोडले, दाट रस काढला, वर खोबरेल सोडलं. गंगाधरनं संध्याकाळी एक घास घेतला, हात धुतला आणि गुत्त्यावर गेला.

त्याचे पाय सुजले, डोळ्यांत हळद उतरली, तेव्हा ती त्याला म्युनिसिपालटीच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोट दाबून पाहिलं, रक्ताचा कागद वाचला आणि विचारलं, "किती पितात?"

गंगाधर खिडकीबाहेर बघत राहिला. सुभद्रानं सांगून टाकलं, "पितत रोज. पण बाई, मी पोटाला अस्तर देते. कधी चुकवलं नाही." डॉक्टरांपुढे ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची.

"कसलं अस्तर?"

"तेलाचं. तवंग असतो ना रश्शावरचा, तो. वाटीभर. पिण्याआधी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, आणि त्याचंच सुभद्राला भय वाटलं.

"आजी, असं कुणी सांगितलं तुम्हाला? पोटात जेवण असलं की दारू चढायला उशीर लागतो, एवढंच. आत जायची ती सगळी जाते. उलट उशिरा चढते म्हणून माणूस आणखी पितो."

चाळिशीतल्या बाईला आजी म्हटलं, तेही सुभद्राच्या लक्षात आलं नाही. "मग तेल गेलं कुठे?"

"हे बघा, दारूनं आतड्याचं अस्तर खराब होतं. खरं अस्तर, देवानं दिलेलं. घट्ट विणलेलं कापड विरल्यावर कसं होतं? तसं. मग जी घाण आतड्यात राहून बाहेर जायची, ती रक्तात झिरपते, आणि ते रक्त आधी जातं लिव्हरकडे. लिव्हर आधीच दारूनं दमलेलं. त्याला चरबीचा निचरा करता येत नाही, ती आतच साठते. यांच्या लिव्हरवर तवंग आलाय म्हणा. आणि काही भाग तर कडक झालाय, वण पडल्यासारखा."

विरलेलं कापड म्हटल्यावर गंगाधरनं पहिल्यांदा मान वळवली.

"म्हणजे माझ्या तेलानं झालं?" सुभद्रानं विचारलं.

"दारूनं झालं. तेलानं वाचवलं नाही. तुपानं वाचलं नसतं, कशानंच वाचलं नसतं. पिणं पूर्ण बंद, हे पहिलं औषध. थोडं थोडं, वरचेवर खायला द्या, उपाशी ठेवू नका. वाटीभर तेल पाजू नका. पिणं थांबलं नाही तर मात्र फार दिवस मी सांगू शकत नाही."

सुभद्रा उठली नाही. तिला एक गोष्ट विचारायची होती. "बाई, मग शिवडीचं जेवण यांच्या पोटात ठरतं, ते कसं?"

"शिवडीला काय खातात?"

तिला माहीत नव्हतं. दोघींनी गंगाधरकडे पाहिलं.

"पेज," तो म्हणाला.

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाऊ देत."

कोर्टात दावा हरावा तशी सुभद्रा बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाल्यावर ती मागून शिवडीला गेली. खाडीला ओहोटी होती, चिखल चमकत होता. तुळसाच्या झोपडीपुढे बांबूवर जाळी टांगलेली, आणि जाळ्याच्या सावलीत गंगाधर बसला होता. हातात दोरा भरलेली लाकडी सुई होती. फाटलेल्या जागी तो गाठ मारत होता, पुढची, त्याच्या पुढची. बोटं तशीच चालत होती जशी साच्यावर चालायची. ती बोटं सुभद्रानं संपानंतर पाहिलीच नव्हती. शेजारी ॲल्युमिनियमची थाळी होती, तिच्यात पांढरी पेज आणि भाजलेला सुका बोंबील.

तुळसा बाहेर आली. "आलीस? मी बोलली, कवातरी येशील."

"काय घालतस पेजेत?"

"मीठ."

"आणि?"

"आणि काय घालतात? पाणी."

सुभद्रानं वाकून थाळीतली पेज बोटावर घेऊन चाखली. मीठ कमी होतं. तांदळाची कणी राहिली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो जास्त बोचला. अशी कच्ची पेज याला चालते, माझा रस्सा चालत नाही.

"ह्या असल्या पेजेसाठी येतत?"

"जाल्यासाठी येतो. सूत बघून थांबला एक दिवस. लहूची जाली फाटलेली," तुळसा म्हणाली. लहू तिचा मुलगा. "पण पयल्या दिवशी पिऊन आलेला. मी त्याला हिथं, बांबूच्या भायेर उभा केला. बोलली, पिऊन आलास तर सुताला हात नाय, थालीला पण नाय. दुसऱ्या दिवशी न पिता आला. सकालचा पीत नाय आता. रातचा काय करतो, ते तुज्या घरी."

"माझ्या दारातून मी कोणाक परत पाठवलंय नाय कधी. खाणावळ आसा माझी."

"माज्या हरेश्वरला मी पण पाठवला नाय," तुळसा म्हणाली, आणि बोंबील उलटायला आत गेली.

घरी येईपर्यंत सुभद्राला सगळं स्पष्ट दिसलं. दार बंद करायला हवं होतं. पण दार बंद केलं तर तो कुठे जाणार, हे तिला ठाऊक होतं. स्वतःच्या हातानं त्याला त्या झोपडीत ढकलायचं. नाही ढकललं, तर त्याला स्वतःच्या घरात ठेवून गमवायचं.

त्या संध्याकाळी गंगाधर पाटावर बसला. वाटी नव्हती.

"तवंग?"

"बंद. आणि पिऊन इलात तर ताट मिळाचा नाय. दारसुद्धा."

तो हसला. हिला मी ओळखत नाही काय, असं ते हसणं होतं. पिऊन आला तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. गॅलरीतली सगळी दारं किलकिली झाली.

"बाजूक हो."

"नाय."

"माझा घर आसा ह्या."

"सकाळी या. न पिता या. तेव्हा तुमचाच."

"मग मी जातंय शिवडीक," तो म्हणाला. बरोबर तिथेच मारलं.

सुभद्रानं चौकट सोडली नाही. "जावा," ती म्हणाली.

तो गेला, आणि आला नाही. लहूच्या जाळ्यांच्या शेडमध्ये झोपतो असं कळलं. कालिंदी म्हणाली, "दिलास ना घालवून? आता बस खाडे धरत." सुभद्रानं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडी आपटायची, मिरची वाटताना पाटा दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. ती पेज, ती कणी राहिलेली पेज, तो रोज खात असेल. तुळसा शेजारी बसून वारा घालत असेल. की नसेल? असेलच.

आनंदाला शिवडीच्या गोदामात हमाली मिळाली होती. तो येताजाता बघून यायचा. सुभद्रा त्याला एकच प्रश्न विचारायची, पाठ फिरवून, फोडणीकडे तोंड ठेवून.

"पितत?"

"नाय वयनी. पहिले दिवस वाईट गेले, हातपाय कापत होते. लहू त्यांना दवाखान्यात घेऊन गेला होता. आता नाय पीत."

"मग रवांदेत थयच," ती म्हणायची, आणि त्या दिवशी आमटी करपायची.

गणपती येऊन गेले, नवरात्र गेलं. दिवाळीच्या आधी एका दुपारी जिन्यावर चपला वाजल्या. सुभद्रानं त्या ओळखल्या, पण वळून पाहिलं नाही. पंगतीला आनंदा होता आणि गोदामातली त्याच्याबरोबरची दोघं-चौघं नवी माणसं. गंगाधर दारात उभा राहिला, तिनं केलं होतं तशा चौकटीला हात लावून.

"न पिता इलंय," तो म्हणाला.

"दिसता."

"बसू?"

"पंगत उठल्यावर जेवतत घरचे. आज बसा."

तो शेवटच्या पाटावर बसला. वाळलेलाच होता, पण डोळ्यांतली हळद गेली होती. रश्शाचं पातेलं उतरलं. सुभद्रानं डाव आडवा धरला, तवंग वाटीत काढला. नव्या माणसांना रीत माहीत नव्हती. आनंदाला माहीत होती, तो घास हातात धरून बघत राहिला. इतक्या लांबून परत आलेल्या माणसाचाच मान होता तो.

सुभद्रा वाटी घेऊन गंगाधरपर्यंत गेली, वळली, आणि ती आनंदाच्या ताटात ओतली.

"माझी म्हैस नाय व्याली, वयनी."

"गप खा."

मग ती आत गेली आणि एका थाळीत पेज घेऊन आली. तशी पेज ती गेले कित्येक दिवस रोज सकाळी करत होती आणि रोज एकटीच खात होती. गंगाधरनं पहिला घोट घेतला. दुसरा घेतला.

"कणी रवाक नाय," तो म्हणाला.

सुभद्रा वळून स्टोव्हची वात खालीवर करत बसली, आणि तिचं तोंड कुणालाच दिसलं नाही.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, कडक झालेलं लिव्हर पहिल्यासारखं मऊ होईल असं समजू नका, उरलेलं सांभाळा. त्यानं सांभाळलं. चाळीसमोरच्या मिलची चिमणी पाडली तेव्हा तो गॅलरीत उभा होता, आणि सुभद्रानं त्याच्या हातात ताकाचा पेला दिला होता. पण शिवडी काही सुटली नाही. जाळ्यांचं काम त्याचं होतं, आणि मिलनं नाकारलेल्या बोटांना ते हवं होतं. सुभद्रा ते कधी पचवू शकली नाही.

त्या दिवाळीआधी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी तो शिवडीला निघाला, तेव्हा ती दोन डबे घेऊन दारात उभी होती.

"ह्यो तुमचो. तिच्याकडे कायएक जेवचा नाय."

"आणि ह्यो?"

"तिका देवा. पेजच आसा." तिनं त्याच्या सदऱ्याचं बटण उगाच सारखं केलं. "म्हणाचा, पेज अशी करतत. शिकांदे तिका."